‘पर हेड’ किती ते कळलं, पण ‘हेड’ किती?

दिवाळीची सुट्टी संपली, सबमिशनचा पहिला डोंगर सर झाला की कट्ट्यावर एकच विषय असतो : ट्रिप कुठे? उत्तर बहुतेक वेळा कोकण, नाहीतर गोवा. अलिबाग, काशीद, मुरुड, दापोली, गणपतीपुळे, मालवण. आणि किनारा म्हटलं की बोट आलीच. कुणाला जंजिरा बघायचाय, कुणाला डॉल्फिन, कुणाला देवबागची बनाना राइड, कुणाला तारकर्लीचं स्कूबा. ट्रिपच्या ग्रुपवर हॉटेलवरून, बसवरून, व्हेज-नॉनव्हेजवरून शेकड्याने मेसेज पडतात. बोटीबद्दल मात्र एकच प्रश्न येतो, ‘पर हेड किती?’

माझं म्हणणं असं आहे की त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्न यायला हवा. ‘हेड किती?’ म्हणजे बोटीत माणसं किती बसणार, आणि किती बसवायची परवानगी आहे? आपल्या किनाऱ्यावर नियम आहेत, परवाने आहेत, तपासणी करणारी खातीही आहेत. पण हे सगळं जिथे लागू व्हायला हवं, त्या धक्क्यावर, बोट सुटायच्या आधीच्या दोन मिनिटांत, अनेकदा कुणीच मोजत नसतं. आणि त्या दोन मिनिटांत तिथे हमखास हजर असणारा माणूस म्हणजे तुम्ही.

आधी थोडा हिशेब

१८ डिसेंबर २०२४ तुम्हाला आठवत असेल. गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली. इंजिनाची चाचणी सुरू असताना तिच्यावरचा ताबा सुटला होता. धडकेच्या आधीचे क्षण बोटीतल्या एका प्रवाशाच्या मोबाइलमध्ये टिपले गेले आणि तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. या अपघातात १५ जणांचा जीव गेला. ‘नीलकमल’ला परवानगी होती ८४ प्रवासी आणि ६ कर्मचाऱ्यांची. बोटीत शंभराहून अधिक माणसं होती.

यात प्रवाशांची काय चूक? काहीच नाही. धडक त्यांच्यामुळे झाली नाही. पण बोट बुडू लागल्यावर पाण्यात किती माणसं पडणार आणि त्यांतल्या किती जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट असणार, या दोन गोष्टी धडकेच्या आधीच, गेटवेच्या पायऱ्यांवर ठरलेल्या होत्या. त्यानंतर गेटवेवर लाइफ जॅकेट घालणं सक्तीचं झालं. म्हणजे सक्ती करता येत होती, फक्त आधी कुणी केली नव्हती.

मागे जा. २४ मे २०२२, तारकर्ली. स्कूबा करून परतणारी वीस पर्यटकांची बोट किनाऱ्याजवळ उलटली, दोघे गेले. २४ ऑक्टोबर २०१८, मुंबई. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाच्या कार्यक्रमासाठी निघालेली स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली, एकाचा मृत्यू झाला. तो कार्यक्रम तर सरकारीच होता. आणि १३ जानेवारी २०१८, डहाणू. ही घटना तुमच्या वयाच्या मुलामुलींची आहे. ज्युनिअर कॉलेजचे सुमारे चाळीस विद्यार्थी एका बोटीत बसून समुद्रात गेले. बोट उलटली आणि तीन मुली परत आल्या नाहीत. सगळे सेल्फीसाठी एका बाजूला आले, असं तेव्हाच्या बातम्यांत सांगितलं गेलं आणि चर्चा तिथेच थांबली. ‘आजकालची पोरं आणि त्यांचे सेल्फी’ म्हणून मोठी माणसं मोकळी झाली. पण एका बाजूला सरकली तर बोट उलटेल इतकी मुलं त्या बोटीत बसवली कुणी, हा प्रश्न सेल्फीच्या आधीचा आहे.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. केरळमध्ये तानूर इथे ७ मे २०२३ च्या संध्याकाळी पर्यटकांची दुमजली बोट उलटून २२ जण दगावले, त्यांत लहान मुलं कितीतरी. ती मुळात मासेमारीची बोट होती. तिला वरचा मजला चढवून पर्यटकांची केली होती. क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि वर अंधार पडायची वेळ.

बोट का उलटते?

फिजिक्सचं पुस्तक बारावीनंतर विकून टाकलं असेल, तरी गुरुत्वमध्य आठवत असेल. बोटीतलं वजन जितकं खाली, तितकी ती स्थिर. माणसं उभी राहिली, टपावर किंवा वरच्या मजल्यावर चढली की गुरुत्वमध्य वर सरकतो आणि छोट्या लाटेनेही बोट जास्त कलते. एका बाजूला गर्दी झाली की तो बाजूलाही सरकतो. बोट कलली की आतली माणसं त्याच बाजूला घसरतात आणि ती आणखी कलते. हे सगळं काही सेकंदांत होतं.

आता जास्तीच्या डोक्यांचं गणित करा. साठ किलोची वीस माणसं जादा बसवली तर वजन झालं बाराशे किलो. म्हणजे एक छोटी मोटारच बोटीत ठेवली. बोट तेवढी खाली बसते, तिच्या काठ्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर कमी होतं आणि एरवी बाहेर फुटली असती ती लाट आत येते. आत आलेलं पाणी बोट कलेल त्या बाजूला धावतं. म्हणून परवान्यावरचा आकडा थिएटरच्या सीटसारखा नसतो. थिएटरमध्ये दोघं पायऱ्यांवर बसले तर सिनेमा बुडत नाही.

शिवाय आपला समुद्र दिसतो तितका सरळ नाही. कोकणच्या किनाऱ्यावर खाड्यांची रांग आहे आणि बहुतेक बोटी खाडीच्या मुखातूनच आत-बाहेर करतात. मुखाशी वाळूचे दांडे असतात आणि दर पावसाळ्यात ते जागा बदलतात. ओहोटीचं पाणी खाडीतून जोरात बाहेर निघतं, समोरून समुद्राची लाट आत येते, आणि दोघांची गाठ पडते तिथे लाटा उंच आणि उभ्या होतात. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम असाच आहे, आणि तिथेच त्सुनामी आयलंडच्या आसपास वॉटर स्पोर्ट्सची सगळ्यात जास्त गर्दी असते. त्यात फेब्रुवारी ते मे दुपारनंतर वारा वाढतो. सकाळी आरशासारखा असलेला समुद्र तीन वाजता वेगळा दिसतो. आपण मात्र सकाळी उशिरा उठतो, मिसळ खातो आणि बोटीला जातो दुपारी.

कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट करायची : चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमी असेल तर सहाच्या. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी जास्त चढणार, जास्त उतरणार आणि प्रवाहही जोरात असणार. हा अंदाज आहे, पक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळते. लाटांचा आणि वाऱ्याचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही सरकारी संस्था रोज देते, फोनवर फुकट बघता येतो. मॅचच्या दिवशी पाऊस पडेल का हे आपण चार वेळा बघतो. समुद्राचं एकदा बघायला काय हरकत आहे?

मग तपासतं कोण?

महाराष्ट्रात प्रवासी बोटींचे परवाने आणि तपासणी हे महाराष्ट्र सागरी मंडळाचं काम. गोव्यात ते कॅप्टन ऑफ पोर्ट्स या खात्याचं. बोटीची नोंदणी, दरवर्षीची पाहणी, किती प्रवासी बसवायचे तो आकडा, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र, विमा हे सगळं कागदावर ठरलेलं आहे. पावसाळ्यात, साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत, कोकणात वॉटर स्पोर्ट्स आणि पर्यटकांच्या बोटी बंद ठेवतात. तारकर्लीचा अपघात ही बंदी लागायच्या तोंडावर झाला होता. हंगामाचे शेवटचे दिवस, वारा वाढलेला आणि गर्दी भरपूर.

पण राज्याचा किनारा सातशे किलोमीटरहून मोठा, त्यावर छोटी बंदरं ४८, आणि वाळूवरून थेट बोट सुटते अशा जागा तर कितीतरी. प्रत्येक ठिकाणी निरीक्षक उभा करणं शक्य नाही, हे मान्य. मग होतं काय? अपघात होतो, दुसऱ्या दिवशी बैठक होते, पुढचे पंधरा दिवस सगळीकडे कडक तपासणी होते, विनापरवाना बोटी ओढून ठेवल्या जातात, फोटो छापून येतात. मग एखादा लाँग वीकेंड येतो, गर्दी वाढते आणि सगळं पहिल्यासारखं होतं. अपघातानंतरच जागी होणारी अंमलबजावणी म्हणजे परीक्षा झाल्यावर अभ्यासाला बसण्यासारखं आहे.

वेळेवर हजर असलेली यंत्रणा काय करू शकते याचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. १४ मार्च २०२० ला गेटवेहून मांडव्याला निघालेली ‘अजंठा’ ही बोट मांडव्याजवळ बुडू लागली. बोटीत ८८ जण होते. रायगड पोलिसांची गस्तीची बोट जवळ होती, ती लगेच पोहोचली आणि सगळेच्या सगळे वाचले. या घटनेची आठवण फारशी कुणाला नाही, कारण कुणी मेलं नाही. पण मागणी करायची तर हिच्याकडे बोट दाखवून करायला हवी. गर्दीच्या दिवशी, गर्दीच्या किनाऱ्यावर गस्तीची बोट पाण्यात हवी.

आणि एक साधी गोष्ट प्रत्येक धक्क्यावर करता येईल. एक मोठा फलक लावायचा : बोटीचं नाव, परवान्याची मुदत, प्रवाशांची संख्या. बोट सुटायच्या आधी डोकी मोजून वहीत किंवा मोबाइलवर नोंद करायची, शक्य तर एक फोटो. आकडा जास्त असेल तर बोट सुटणार नाही. त्याला ना मोठा निधी लागतो, ना नवा कायदा. लोकलच्या गर्दीत हे जमणार नाही, पण साठ माणसांच्या बोटीत जमतं. आणि प्रत्येक अपघाताची चौकशी झाली की तिचा अहवाल लोकांसमोर यायला हवा. काय चुकलं हे कळल्याशिवाय पुढच्या बोटीत ते सुधारणार कसं?

‘पण त्यांच्या पोटावर पाय नको’

हे म्हणणं खरं आहे आणि हलक्यात घेण्यासारखं नाही. समुद्रातली मासळी कमी झाली तसे कितीतरी मच्छीमार पर्यटनाकडे वळले. आठ महिन्यांचा हंगाम, बोटीचं कर्ज, डिझेलचा भाव, एजंटचं कमिशन. आणि बोट उलटते तेव्हा पाण्यात पहिली उडी बहुतेक वेळा याच लोकांची असते. शहरातून येऊन त्यांना शहाणपण शिकवायची गरज नाही.

पण तपासणी ढिली राहिली तर मार कुणाला बसतो ते बघा. एक जण नियमाप्रमाणे दहाच माणसं बसवतो, जॅकेटं नवी घेतो, वारा वाढला की बोट बांधून ठेवतो. शेजारचा अठरा बसवतो आणि ‘पर हेड’ शंभर रुपयांनी कमी लावतो. आपण कुणाकडे जातो? नियम पाळणाऱ्याचा धंदा आपणच मारतो. अंमलबजावणी नीट झाली तर पहिला फायदा त्याचा आहे.

आणि किती वेळा असं होतं की बोटवाला स्वतःच सांगतो, “आज वारो खूप आसा, उद्या सकाळी येवा.” त्यावर आपला ग्रुप म्हणतो, “दादा, एवढ्या लांबून आलोय. उद्या निघायचंय. थोडे जास्त घ्या, पण न्या.” त्या दादाला आज नाही म्हटलं तर आजची कमाई जाते, हे दोघांनाही माहीत असतं. म्हणून पुढच्या वेळी कुणी नाही म्हटलं तर त्याचा नंबर सेव्ह करा. दुसऱ्या दिवशी सकाळी जमत असेल तर त्याच्याकडेच जा, आणि रिव्ह्यू लिहायचा तर त्याच्यासाठी लिहा.

तुम्ही काय करायचं?

तुमच्यातले अनेक जण सह्याद्रीत ट्रेक करतात. तिथे काय पद्धत आहे? लीडर कोण ते आधी ठरतं. निघताना डोकी मोजली जातात, उतरल्यावर पुन्हा. सगळ्यात मागे एक अनुभवी माणूस असतो. कुणी त्याला घाबरट म्हणत नाही. ही शिस्त सरकारने लावली नाही, ट्रेकिंगवाल्यांनी वर्षानुवर्षं स्वतः रुजवली. समुद्राच्या ट्रिपला तीच पद्धत नेली तरी निम्मं काम झालं.

बोटीत पाय टाकायच्या आधी विचारा : परवाना आहे का? किती जणांचा? मग मोजा. जास्त असतील तर दोन बोटी करा, नाहीतर पुढच्या फेरीला थांबा. लाइफ जॅकेट छपराला बांधलेलं किंवा सीटखाली कोंबलेलं चालणार नाही. बोट उलटल्यावर ते शोधायला वेळ नसतो. ते अंगावर हवं, सगळे पट्टे लावलेलं. मित्राला सांगा, खांद्यांना धरून वर ओढ. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. बक्कल तुटलेलं असेल तर बदलून मागा.

‘मला पोहता येतं’ हे उत्तर नको. स्विमिंग पूलमध्ये लाटा नसतात, प्रवाह नसतो आणि घाबरून तुमचा गळा धरणारा शेजारीही नसतो. अमेरिकेचं तटरक्षक दल तिथल्या हौशी बोटींच्या अपघातांची आकडेवारी दरवर्षी काढतं. मृत्यूचं कारण कळलेल्या घटनांत साधारण चारातले तीन जण बुडून गेलेले असतात, आणि त्यांतल्या ज्यांची माहिती मिळते त्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट नसतं. पोहता येणारेही त्यात असणारच.

केशरी जॅकेटमध्ये फोटो चांगला येत नाही, हे मला मान्य आहे. जॅकेट काढून रील करू, दोनच मिनिटं, असं कुणीतरी म्हणणार हेही माहीत आहे. त्या वेळी ग्रुपमधल्या एकाने ‘नको’ म्हणायचं असतं आणि बाकीच्यांनी त्याची खेचायची नसते. हे ऐकायला सोपं वाटतं, पण चाळीस जणांसमोर एकट्याने म्हणणं अवघड जातं. म्हणून ते आधीच, बसमध्ये असतानाच ठरवून टाका. बोटीत उभं राहायचं नाही, सगळ्यांनी एका बाजूला जायचं नाही, सूर्य मावळायच्या आत किनाऱ्यावर यायचं. आणि फोनमध्ये दोन नंबर टाकून ठेवा : तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३.

कॉलेजकडेही काही मागा. ट्रिप असो की आयव्ही, निघायच्या आधी पालकांच्या सहीचं हमीपत्र घेतलं जातं : ‘काही झाल्यास कॉलेज जबाबदार राहणार नाही.’ तुमच्याकडून हा कागद घेणाऱ्या कॉलेजने बोटवाल्याकडून परवान्याची प्रत घेतली का, एवढं सरांना, मॅडमना विचारा. नम्रपणे विचारा, पण लेखी विचारा. समुद्रावर बंदी घाला असं मी म्हणत नाही. बंदी घातली की मुलं घरी न सांगता, कॉलेजशिवाय, चार बाइकवरून जातात आणि तिथे तर मोजणारं कुणीच नसतं. त्यापेक्षा कॉलेजने परवानाधारक बोट आधी ठरवावी, सकाळची वेळ घ्यावी आणि बोटीत बसण्यापूर्वी हजेरी घ्यावी. वर्गात पंचाहत्तर टक्क्यांसाठी रोज घेतातच.

निरीक्षक वाढले पाहिजेत, गस्त वाढली पाहिजे, अहवाल बाहेर आले पाहिजेत. त्यासाठी मंडळाला, जिल्हाधिकाऱ्यांना पत्रं लिहा, माहितीच्या अधिकारात विचारा, तुमच्या एनएसएसच्या युनिटला एखाद्या धक्क्यावर फलक लावायला सांगा. ते व्हायला वेळ लागेल. तुमची ट्रिप त्याच्या आधी आहे. तेव्हा ग्रुपवर आज ‘पर हेड किती’ विचारलं गेलं असेल, तर त्याच्याच खाली आणखी एक मेसेज टाका : बोट कितीची आहे आणि आपण किती आहोत?